घरात शेवटी कोण जेवतं?

मी भूगोल शिकवायचे असं कळलं की समोरचा माणूस मला कुठल्यातरी देशाची राजधानी विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारली. सुरुवातीला मी ओशाळायचे. नंतर छातीठोकपणे काहीही सांगायला लागले आणि आजवर मला एकानेही पकडलेलं नाही. राजधान्या पाठ करणं म्हणजे भूगोल नव्हे, हे समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

मी खरं शिकवलं ते वेगळंच. आर्वीकडच्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांना ‘जीवनाची गुणवत्ता’ नावाचा विषय. नावावरून पुष्कळांना वाटायचं की मी योगासनं शिकवते. शेजारच्या काकू त्यांच्या सुनेला माझ्याकडे पाठवणार होत्या, तिची गुणवत्ता सुधारायला. मी म्हटलं, सासवांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

विषय तसा साधा आहे. माणसाच्या घरात काय काय आहे, ते राहणीमान. त्या घरात त्याला राहावंसं वाटतं का, ती जीवनाची गुणवत्ता. पहिलं मोजता येतं. दुसरं मोजता येत नाही, म्हणून त्याच्यावर परीक्षा घेतात. पाणी किती लांबून आणावं लागतं, दवाखाना कुठे आहे, शेजाऱ्यावर भरवसा आहे का, दिवेलागणीनंतर बाईला एकटीला रस्त्याने जाता येतं का, असं सगळं विचारायचं, उत्तरांना गुण द्यायचे आणि बेरीज करून नकाशा रंगवायचा. जास्त गुण तिथे गडद रंग, कमी गुण तिथे फिकट. याला आमच्या भाषेत क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. तो भिंतीवर लागला की मुलं सगळ्यात आधी आपापलं गाव शोधतात आणि गाव फिकट निघालं की भांडायला येतात. रोहण्याचा एक विद्यार्थी आला होता. “मॅडम, आमच्या गावाले असं पिवळं काऊन केलं? कावीळ झाली का त्याले?” गुणच तेवढे पडले होते, मी काय करणार? दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रोहणा गर्द हिरवं झालेलं. एवढ्या वेगाने विकास झालेला मी नंतर कुठे पाहिला नाही.

दरवर्षी थंडीत मुलांना घेऊन एखाद्या गावात सर्वेक्षणाला जायचं, हा आमच्या धंद्यातला मोठा सण. पुस्तकातला माणूस प्रश्न विचारला की उत्तर देतो. गावातला माणूस आधी तुम्ही कोण आहात ते ठरवतो आणि मग त्या हिशेबाने उत्तर देतो. एका म्हाताऱ्यांना माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, “आजोबा, तुम्ही सुखी आहात का?” आजोबांनी विचारलं, “तुमी कोन्या पार्टीचे?” केळझरच्या बाजूला एका घरी शौचालय आहे म्हणून आम्ही पूर्ण गुण दिले. बाहेर पडताना मी सहज दार लोटलं तर आत छतापर्यंत कुटार, म्हणजे गुरांचा भुसा भरलेला. “जनावराले पायजे ना बापा उन्हाळ्यात,” घरधनीण म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

पण सगळ्यात मोठी गंमत फ्रिजची. कागद-पेन घेतलेली माणसं गावात शिरली की बातमी आमच्या पुढे धावते, “घरकुलवाले आले.” म्हणजे सरकारी योजनेत घर मिळायचं आहे आणि गरीब कोण ते लिहायला साहेब लोक आले आहेत. मग अर्ध्या गावात फ्रिजवर गोधड्या पडतात, मोटरसायकली गोठ्यात जातात आणि चांगले खातेपीते लोक बनियनवर येऊन ओट्यावर बसतात. आम्ही कॉलेजचे आहोत, आम्ही काही देत नाही, हे कितीही सांगा. जो काही देत नाही तो एवढं कशाला विचारील, हा त्यांचा प्रश्न बिनतोड असतो. मी मुलांना सांगून ठेवायचे की गोधडी घातलेली उभी वस्तू दिसली तर तिथे पाहुणा झोपलाय असं समजू नका.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे तिथे येते. नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही. तळेगाव आणि आर्वीच्या मधे कुठेतरी, संत्र्याच्या बागांचा भाग, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आमच्याकडे गुपित तेवढंच टिकतं.

त्या वर्षी मी मुलांना सांगितलं, प्रश्नावलीत प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न घालायचा. गावातलं जगणं कळेल असा. आशिष नावाचा एक टवाळ मुलगा होता. त्याने प्रश्न दिला, “गावात लग्नाची किती पोरं बसून आहेत?” वर्ग हसला, पण मागच्या बाकावरचे दोघेतिघे हसले नाहीत. मी प्रश्न ठेवून घेतला. ज्या गावात कोणी मुलगी द्यायला तयार नाही त्या गावाबद्दल आणखी काय विचारायचं राहतं?

मग प्रणाली उठली. ही एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आर्वीजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारी. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याच्या दोन दिवस आठवणीत राहायचं. तिचा प्रश्न होता, “घरात शेवटी कोण जेवतं?”

“हा काय प्रश्न हाय?” आशिष म्हणाला. “याले गुण कसे द्याचे?”

“तू तुह्या घरी पाह्य आधी, मंग सांगजो.”

वर्ग माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमच्या घरी कोण?”

“आमच्याकडे मांजर,” मी म्हटलं. ते खरंही होतं. फक्त मांजराच्या आधी कोण, ते मी सांगितलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी प्रणाली विभागात आली आणि म्हणाली, आपण सर्वेक्षणाला अमुक गाव घेऊ या. का, विचारलं तर म्हणाली, “ते प्रातिनिधिक गाव हाय मॅडम.” एवढी वर्षं मी हा शब्द शिकवत होते आणि पहिल्यांदाच एका विद्यार्थिनीने तो आपणहून वापरला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. मी नुसती बघत राहिले. ती थोडा वेळ टिकली, मग ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “तिथं माही सोयरीक चालू हाय.”

हकीकत अशी. मुलाचं नाव मंगेश, घरची संत्र्याची बाग. बायोडाटा आणि फोटो व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे गेले होते. आमच्याकडे रीत अशी की आधी मुलीकडची पुरुष मंडळी घर पाहून येतात आणि मग मुलाकडचे मुलगी पाहायला येतात. तर प्रणालीचे वडील आणि मामा जाऊन आले होते आणि घर पसंत पडलं होतं. तुरी निघाल्या की मुलाकडचे येणार आणि तेव्हाच पक्कं करायचं. प्रणालीने होकार द्यायचा, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

“मी मामाले इचारलं, कसं हाय गाव? तं म्हणे, नळ हाय, पंखे हाय, पोरगा निर्व्यसनी हाय आन पुरणपोळीवर तूप लय होतं. तेवढंच पाह्यलं त्यानं. मामा राह्यणार हाय का तिथं? जनम मले काढाचा हाय, आन गाव पाह्यलं मामानं.”

“मग वडिलांना सांग, मलाही बघायचंय म्हणून.”

“सांगितलं ना. तं म्हणते, तू पाहून काय करशीन?”

मी विचारात पडले. ज्या घराशी आपला हितसंबंध आहे त्याचं मोजमाप आपण करू नये, असं मीच त्यांना शिकवलेलं. संशोधनाचा तो पहिला नियम आहे. पण मग मामाचं काय? पुरणपोळी खाऊन गुण देणाऱ्या माणसाला कुठला नियम लागला होता? निदान ही मुलगी त्या घरचा चहासुद्धा न पिता प्रश्न विचारणार होती. मी गावाला मंजुरी दिली आणि कारणाच्या जागी ‘प्रातिनिधिक’ असं लिहिलं.

गाव चांगलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा, झाडं फळांनी लवलेली. अपेक्षेप्रमाणे घरकुलवाल्यांची बातमी आमच्या आधी पोचली होती आणि गोधड्या पडल्या होत्या. मुलांच्या जोड्या करून मी त्यांना गल्ल्या वाटून दिल्या. प्रणाली आणि आशिषबरोबर मी स्वतः गेले. प्रणालीने उन्हाचं निमित्त करून चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला होता. आमच्याकडे मुली तसा बांधतातच, कोणाला काही वाटत नाही. आशिषला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला माहीत असतं तर वर्धेपर्यंत कळलं असतं.

वामनरावांचं, म्हणजे मुलाच्या वडिलांचं घर दुमजली निघालं. ते ओट्यावर बनियनवरच बसले होते.

“घर तुमचंच का?” आशिषने विचारलं.

“भावाचं हाय. त्यानं दया करून राहू देल्लं.”

“बाग?”

“होती. कोळशी रोगानं गेली.” हे म्हणताना त्यांच्या मागे संत्र्यांचे क्रेट रचलेले होते. आशिषने तिकडे पाहिलं तेव्हा ते म्हणाले, “ते शेजाऱ्याचे हाय. ऊन लागते म्हणून ठेवले.”

“टीव्ही?”

“बंद हाय.” आत टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने रडत होतं. वामनराव क्षणभर थांबले आणि म्हणाले, “घरात दुखणं हाय.”

मी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. तेवढ्यात त्यांची बायको, शोभाबाई, पाणी घेऊन बाहेर आली. बारीक चणीची, झपझप चालणारी बाई. प्रणालीने पाणी प्यायला स्कार्फ खाली केला. शोभाबाईंचा हात पेल्यासकट हवेत थांबला. बायोडाटाचा फोटो वामनरावांनी चष्म्याशिवाय पाहिला असावा. या बाईने मात्र तो मोठा करकरून पाहिला होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “काऊन खोटं बोलून राह्यले? घर आपलंच हाय. लिही पोरी, दुमजली.”

वामनराव दचकले. “इचं मनावर घेऊ नका. हे आजकाल असंच बोलते.”

“बागही आपलीच हाय. कोळशी नाई, काई नाई.”

“अवं, घरकुल जाईन ना!”

“जाऊ द्या! जरा आत या तुमी.”

आतून कुजबूज ऐकू आली, मग “हे बाप्पा!” असं ऐकू आलं आणि मग टीव्ही बंद झाला. वामनराव बाहेर आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. केसांना पाणी लावलेलं. त्यांनी खुर्ची ओढली, खाकरले आणि आशिषला म्हणाले, “हं, लिहा. फ्रिज हाय. दोन दाराचा. कूलर हाय. मोटरसायकली दोन. आन तो पलीकडे ट्रॅक्टर दिसते ना? तोही आपलाच.”

“पण काका, मघाशी तर तुम्ही…”

“मघाशी बीपी वाढला होता माहा.”

आशिष बिचारा माझ्याकडे पाहायला लागला. कुठलं लिहू? पाच मिनिटांत एक कुटुंब दारिद्र्यरेषेखालून उठून ट्रॅक्टरवर बसलं होतं. मी म्हटलं, तू ऐकत राहा, लिहायचं मग पाहू. घरकुलासाठी गरीब आणि सुनेसाठी श्रीमंत, ही दोन्ही सोंगं एकाच ओट्यावर लागोपाठ आणलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. प्रणाली खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

थोड्या वेळाने मंगेश बागेतून आला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं आणि चेहऱ्यावरून तरी त्याने प्रणालीला ओळखलं नाही. त्याने आम्हाला संत्री दिली, सगळ्यांना सारखी, आणि आशिषच्या शेजारी जमिनीवर बसला. “या माहितीचं पुढं काय होते?” त्याने विचारलं. हा प्रश्न मला फार थोड्या लोकांनी विचारला आहे. मी नकाशाचं सांगितलं तर त्याने आणखी दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले. ट्रॅक्टरबद्दल वडील बोलले तेव्हा तो खाली पाहत होता. मुलगा मला आवडला. कोणालाही आवडला असता.

मग प्रणालीने विचारलं, “घरात शेवटी कोण जेवतं?”

“शेवटी कायचं?” वामनराव म्हणाले. “सगळे संगंच जेवतो.”

प्रणालीने मंगेशकडे पाहिलं. त्याने खरोखर विचार केला, आठवून पाहिलं आणि सरळपणाने म्हणाला, “हाव, आमी सगळे संगंच जेवतो.”

 शोभाबाईंनी आमचे रिकामे पेले गोळा केले आणि आत गेल्या.

निघताना मी नेहमीप्रमाणे माझा फोन नंबर देऊन ठेवला. परत येताना गाडीत प्रणाली खिडकीबाहेर पाहत होती. “घर चांगलं हाय मॅडम,” ती म्हणाली. “सासरा नमुना हाय, पण चालते. मी हो म्हणतो.” आमच्याकडे बायकाही ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं फार नवल वाटतं, आम्हाला त्यांच्या नवलाचं.

कॉलेजात माहितीची बेरीज सुरू झाली. प्रणालीच्या प्रश्नाचं गावभर एकच उत्तर आलं होतं, सगळे संगंच. एकही घर वेगळं नाही. आशिष खूश. “मॅडम, हा प्रश्न फेल झाला. नकाशा कसा काढाचा? सगळा एकाच रंगात होईन.” तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं योग्य होतं. जो प्रश्न सगळीकडे एकच उत्तर आणतो त्याने फरक कळत नाही आणि फरक कळला नाही तर भूगोल उरत नाही. आम्ही प्रश्न गाळायचं ठरवलं. प्रणालीनेही विरोध केला नाही. तिचं लक्ष आता तुरीकडे लागलं होतं.

तुरी अजून शेतात उभ्या होत्या तेव्हाच एका बाजाराच्या दिवशी शोभाबाई विभागाच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली.

“वळखलं का मॅडम? त्या पोरीले बलावता का जराशी?”

मी प्रणालीला बोलावलं. ती दारातच थबकली. शोभाबाईंनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

“काकू, तुमी मले तवाच वळखलं होतं ना?”

“पाणी देतानीच. फोटोत गोरी दिसतं तू.” त्या हसल्या. मग हसू संपलं आणि त्यांनी पिशवी पायाशी ठेवली. “तू एक इचारलं होतं, शेवटी कोण जेवते म्हणून. मी जेवतो. लग्न होऊन आली तवापासून. आधी सासरे जेवत, मंग हे, मंग पोरगा, मंग मी. भाजी उरली तं भाजी, नाई तं चटणी.”

प्रणालीचा चेहरा उतरला. “मंग ते खोटं बोलले का?”

“कोण, मंगेश? नाई पोरी. बापावर नाई गेला तो, त्याले खोटं बोलता येत नाई. त्याले ठाऊकच नाई. ताट पुढं येते, तो जेवते, उठून बागेत जाते. मांगं काय होते ते त्यानं कवा पाह्यलंच नाई. म्याही कवा सांगितलं? बाईनं सांगाची गोष्ट हाय का ते?”

“मंग मी काय करू काकू? येऊ का नको येऊ?”

“ते तुह्यं तू पाह्य. मी सोयरीक जमवाले नाई आली आन मोडालेही नाई आली. तू इचारलं, आन मले तवा माणसाइच्या मधात सांगता आलं नाई. इतक्या वर्सात मले कोणंच इचारलं नव्हतं. म्हणून सांगाले आली.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शोभाबाईंनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. मग उठता उठता त्यांना आठवलं. “आन हो, लिहून घेजा. फ्रिज एकाच दाराचा हाय. ट्रॅक्टर माह्या जेठाचा, ह्यांच्या मोठ्या भावाचा हाय. ह्यांचं काई खरं धरू नका.” माझ्या नोकरीत आपणहून विभागात येऊन माहिती दुरुस्त करून देणारी तेवढी एकच बाई भेटली.

प्रणालीने नकार दिला. घरी मोठं महाभारत झालं. मुलात खोट नाही, घरात कमी नाही, मग कारण काय? तिने खरं कारण सांगितलं. वडील म्हणाले, “एवढ्यासाठी?” मामा म्हणाला, आता मी तिथे कोणत्या तोंडाने जाऊ? प्रणालीने त्याला सांगितलं, ज्या तोंडाने पुरणपोळी खाल्ली त्याच तोंडाने जा. तिचे वडील तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. ती कॉलेजात यायची, पण डोळे सुजलेले असायचे. मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे मला दिसत होतं.

मी तिला समजावून पाहिलं. म्हटलं, “अगं, वाईट नाहीये तो. त्याला दिसलं नाही एवढंच. पाहायला शिकवता येतं माणसाला. मी आयुष्यभर तेच केलं.”

“तुमाले त्याचा पगार होता मॅडम,” ती म्हणाली. “जो आईचं ताट पाहात नाई तो माहं कवा पाहीन? आन मी काय जनमभर त्याले दाखवतच राहू?”

 मला वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि त्या मुलासाठीही. एक गोष्ट मात्र केली. गाळलेला प्रश्न परत प्रश्नावलीत घातला आणि खाली सूचना लिहिली की हा प्रश्न घरातल्या बाईला एकटीला विचारावा. पुढच्या वर्षी उत्तरं वेगळी यायला लागली. आता शेवटच्या वर्षाला आलेला आशिष म्हणाला, आता नकाशा निघेल. तो निघालाही, पण अभ्यासक्रमात तो प्रश्न काही आला नाही. समितीतल्या एका सरांनी विचारलं, याचा भूगोलाशी काय संबंध? मी त्यांना एका देशाची चुकीची राजधानी सांगितली आणि ते समाधानाने गप्प बसले.

पण त्याआधी, प्रणालीच्या निकालाच्या सुमाराला, भर उन्हाळ्यात शोभाबाईंचा फोन आला.

“मॅडम, काय करून ठेवलं तुमच्या पोरीनं! नकार देल्ला तं देल्ला, कारण कायले सांगाचं? मामानं सगळंच्या सगळं येऊन सांगितलं. माहा पोरगा हप्ताभर कोणाशी बोलला नाई. मंग एक दिवस जेवला आन उठलाच नाई. म्हणे, आता तू जेव. समोर बसून राह्यला. मले मेलीले घास उतरे ना! कोणी पाहून राह्यलं का जेवता येते का? मी म्हटलं, जाय बापा, बाग पाह्य. तं म्हणे, बाग रोजच पाहतो.”

“मग आता?”

“आता तं मी बसल्याबिगर तो ताटाले हात लावत नाई. हे वरडते, भाजी थंडी होते म्हणून. पण ह्याइले एकट्याले जेवाची सवय नाई, तं तेही बसून राह्यते. सगळे संगंच जेवतो आता.”  मग अगदी साळसूद आवाजात म्हणाल्या, “त्या पोरीले सांगजा, उत्तर बदललं म्हणून. सोयरीकीसाठी नाई हो सांगत. तुमच्या नकाशासाठी सांगून राह्यली.”

प्रणाली गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं शब्दशः सांगितलं. तिने गुणपत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, “खरं असन का मॅडम?”

“मला काय माहीत? मिळालेलं उत्तर जागेवर जाऊन पडताळून पाहावं, असं आपण शिकलोय.”

“मंग नंबर द्या.”

“मंगेशचा?”

“त्याचा कायले? काकूचा द्या,” प्रणाली म्हणाली. “जेवाले येतो म्हणून सांगतो. आन कवा येतो, ते नाई सांगत.”